चार नंबरचं पाणी

उत्तम,

ही गोष्ट सांगायचं मी नऊ वर्षं टाळलं. विषय तिकडे वळायला लागला की मी चहा मागवायचो, नाहीतर माझ्या गुडघ्यांचं काढायचो. तू गुडघ्यांची चौकशी मनापासून करायचास आणि गोष्ट राहून जायची.

परवा मात्र टाळायला जागा नव्हती. तुझ्या पुण्यानुमोदनाला तुझ्या लेकीने, सुजाताने, मला बोलायला उभं केलं. पडेगावात तुझ्या घरासमोरच मांडव होता. समोर तुझी गल्ली, तुझे भाऊबंद, आणि आपल्याबरोबर पाणीपुरवठ्यात काम केलेले पाच-सहा निवृत्त लाइनमन. मी तुझ्या कामाबद्दल बोललो. तीस वर्षं तू या शहराचे वॉल्व उघडलेस आणि बंद केलेस, रागाच्या भरात कुणाच्या दारचं पाणी एकदाही तोडलं नाहीस, असं म्हणालो. ते खरंच होतं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, चार नंबरच्या नदीचं सांगा की. उत्तममामा लई सांगायचे." लोक हसले. मीही हसलो. "हो, गेलो होतो आम्ही दोघं," एवढं म्हणून खाली बसलो.

म्हणजे तू फोटोत गेल्यावरही मी ते चालूच ठेवलं.

त्याच संध्याकाळी तुझी लेक मला जे म्हणाली, त्यामुळे आता गप्प राहता येत नाही. ते पुढे सांगतो. आधी सुरुवातीपासून सांगू दे. यातलं बरंच तुला माहीत आहे, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना नाही. आणि जे तुला माहीत नाही, त्यासाठीच तर लिहायला बसलो आहे.

तुझं ते वेड गुलमंडीत सुरू झालं. दुष्काळाचं वर्ष होतं. जायकवाडीचं पाणी तळाला गेलेलं, शहरात नळ कधी येईल यावर लोक लग्नाच्या तारखा ठरवत होते. आपण गळतीच्या एका तक्रारीवर गेलो होतो आणि कापडाच्या दुकानात मालकाने आपल्याला बसवून घेतलं. भिंतीवर कॅलेंडर होतं. पांढऱ्या फेसात जवळजवळ उभी राहिलेली रबराची होडी, तिच्यात हेल्मेट घातलेली सहा माणसं, सगळ्यांची तोंडं उघडी. तू उठून कॅलेंडरसमोर गेलास.

"चाचा, हे पाणी कुठलं?"

"अरे मियाँ, कॅलेंडर छापनेवाले को पूछो," म्हातारा म्हणाला. "मेरे को तो मेरे नळ का पता नहीं."

बाहेर पडताना तू आणखी एकदा वळून कॅलेंडर पाहिलंस. मग म्हणालास, "साहेब, एवढं पाणी सोडत कोण आसंल?"

मला हसू आलं. "सोडत कोण नाही. ते आपोआप येतं."

"म्हंजे वर चावी घेऊन कुणीच नाय?"

"नाही."

तू मान हलवलीस, पण पटल्यासारखी नाही. तुझंही बरोबर होतं. तू आयुष्यात पाहिलेल्या प्रत्येक पाण्यावर कुणाचा तरी हात होता. तुमच्या गावात, बिडकीनच्या अलीकडे, विहिरीत तुम्हा पोरांना उतरू देत नसत. तू खदानीत साचलेल्या पाण्यात पोहायला शिकलास. आणि नोकरीत तर ती कमरेएवढी लोखंडी चावी तुझ्याच हातात. चेंबरचं झाकण उघडायचं, चावी खाली घालायची, मोजून आटे फिरवायचे, की एका वस्तीत पाणी सुरू आणि दुसरीत बंद. शहर वाढतंय हे तुला वर्तमानपत्राआधी कळायचं. सातारा परिसर, देवळाई, पडेगाव, जिकडे नवी कॉलनी पडली तिकडे त्याच जुन्या पाइपावर आणखी एक वॉल्व बसायचा. "पाइप तेवढाच अन तोंडं वाढली," असं तू म्हणायचास.

त्या वर्षी तू वेळापत्रकाच्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर रकाने आखलेस. सुजाता तेव्हा कॉलेजात होती, ती इंटरनेटवरून कागद काढून आणायची आणि तू ते घेऊन माझ्या टेबलाशी यायचास. पहिला रकाना नदी, दुसरा नंबर, तिसरा महिना. चौथा रकाना तुझा स्वतःचा होता: पाणी कोण सोडतं.

पाणी किती अवघड याचे नंबर, एक ते सहा. एक म्हणजे नुसतं वाहतं पाणी. दोनमध्ये लहान लाटा. तीनमध्ये लाट होडीत येते. चारमध्ये नदीचा जोर माणसापेक्षा जास्त आणि वल्ह्याची एक चूक बाहेर फेकू शकते. पाच ज्यांचं तेच काम आहे त्यांच्यासाठी. सहा काठावरून बघायचा. तू तुझा अर्थ लावला होतास. "एक नंबर म्हंजे आपला कालवा. सहा नंबर म्हंजे फुटलेलं धरण. मधलं बघायला पायजे."

मग महिने. ऋषिकेशच्या वर गंगेत पावसाळ्यात होड्या बंद असतात, सप्टेंबरात पुन्हा सुरू होतात तेव्हा पाणी भरलेलं असतं. थंडीत ते उतरतं आणि हात बधिर होतील इतकं गार होतं. मार्चपासून वर बर्फ वितळायला लागला की पुन्हा चढतं. लडाखच्या नद्या तर फक्त उन्हाळ्यात. एके दिवशी तू दोन कागद शेजारी ठेवून मला दाखवलेस. एकच नदी, एकच टप्पा. एका कागदावर नंबर तीन, दुसऱ्यावर चार.

"साहेब, नंबर नदीचा आसतो का महिन्याचा?"

मला माहीत नव्हतं. पण मी साहेब होतो. वयाने तू माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा, तरी तू मला अहो आणि मी तुला अरे. माहीत नाही, हे शब्द मी कुठल्याही लाइनमनसमोर कधी उच्चारले नव्हते.

"नंबर म्हणजे नंबर," मी म्हणालो. "चार म्हणजे चार. कुठेही, कधीही."

तू ते कागद घडी करून खिशात ठेवलेस.

त्याच दुष्काळात आपलं एक भांडण झालं, ते कधी मिटलं नाही. मोठी लाइन फुटली होती आणि दुरुस्तीला तीन दिवस जाणार हे मला ठाऊक होतं. मी सगळ्यांना सांगितलं, लोकांनी विचारलं तर उद्या येईल म्हणा. तू तीन दिवस म्हणालास. बाया ऑफिसवर आल्या. मी तुला आत बोलावून झापलं.

"उद्या म्हणाला असतास तर लोक शांत राहिले असते."

"अन आजच हंडा उपडा केला आसता, साहेब. तीन दिस म्हणलं म्हणून बायांनी भांडी राखंनं घासली. शिव्या मला बसल्या, पर पाणी पुरलं का नाय?"

"लोकांना काय झेपतं ते बघून सांगावं लागतं, उत्तम."

"ते कुणी बघायचं? तुमी?"

"हो. मीच."

तू चावी खांद्यावर टाकलीस आणि गेलास. आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोललास. मग एका दुपारी डब्यातली येसराची आमटी माझ्याकडे सरकवलीस. आमटी झणझणीत होती, माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तू म्हणालास, "बघा, आलं का पाणी." भांडण तिथेच राहिलं. तू मला पटवलं नाहीस आणि मी तुला. आज सांगतो, बरोबर तू होतास.

आपण दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. तुझी निवड तोवर पक्की झाली होती. गंगेचा वरचा टप्पा, चार नंबर, एप्रिल संपता संपता. कारण विचारलं तर तू म्हणालास, "तवा आपल्याकडं नळ आटतात अन तिकडं नदी वर येती. एकाच उन्हानं. हे मला डोळ्यानं बघायचंय." इतकं नेमकं कारण घेऊन प्रवासाला निघालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ठरवाठरवीचं काम माझ्याकडे आलं, कारण फोनवर हिंदी-इंग्रजी बोलायचं मला जमायचं. सुजाता मला म्हणाली, "काका, बाबांना पोहता येतं म्हणून ते काही पण करतील. तुम्ही बरोबर असाल तरच पाठवते." मी तोंड भरून हो म्हणालो.

मला पोहता येत नाही. हे तुला कधी माहीत नव्हतं. माझ्या आजोळी विहीर घरचीच होती, मामा काठावर उभा राहून बोलवायचा, अडवणारं कुणी नव्हतं. मी उतरलो नाही. भीती वाटायची, एवढंच. पुढे पाण्यातला इंजिनिअर झालो, तेव्हा हे कुणी विचारायचं कारणच उरलं नाही.

ऋषिकेशच्या माणसाला फोन लावला. त्याने वय विचारलं, रक्तदाब विचारला. पोहता येत नसेल तरी चालतं, जॅकेट असतं, म्हणाला. फक्त वरचा टप्पा पहिल्याच दिवशी घेऊ नका, आधी खालचं सोपं पाणी करा. सरळ, शहाणा सल्ला होता. मी फोन ठेवला.

मी तुला म्हणू शकलो असतो, उत्तम, मला भीती वाटते, तू जा. पण मग तुझ्यासमोर तीस वर्षांचा साहेब उरला नसता. दोन दिवसांनी मी पडेगावला आलो आणि सांगितलं की गंगेचं जमत नाही, तिकडे सगळं भरलं आहे. थंडीत कोलाडला जाऊ. कुंडलिका नदी. जवळही पडेल.

"नंबर?"

"चार."

"पाणी कुठून येतं तिचं?"

"सह्याद्रीतून."

बोलताना माझा आवाज अजिबात हलला नाही. उद्या येईल, म्हणायचा तोच आवाज होता.

खरं म्हणजे ते पाणी दोन नंबरचं. एखाद-दुसऱ्या जागी तीन. मी चौकशी करूनच ते निवडलं होतं.

कोलाडला आपल्या होडीवर देवेंदर नावाचा गढवालचा मुलगा होता. तू कपडे बदलायला गेलास तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, माझ्या मित्राला हे चार नंबर आहे असं वाटू दे. तो हेल्मेटांचे पट्टे तपासत होता. मान वर न करता म्हणाला, "अंकल, झूठ मैं नहीं बोलूँगा. पूछेंगे तो बता दूँगा. नहीं पूछेंगे तो आपकी मर्ज़ी."

तू त्या दिवशी देवेंदरला किती प्रश्न विचारलेस. होडीत हवा किती, वल्हं कशाचं, दगड दिसत नाही तर कळतो कसा. त्याने तुला दाखवलं की पाणी जिथे फुगून पुढे खड्डा पडतो तिथे खाली दगड असतो. तू लगेच म्हणालास, "पाइपातल्या कचऱ्यावानी." दर प्रश्न मी कान देऊन ऐकत होतो. पण नंबर तू विचारला नाहीस. तो मी सांगितला होता ना.

काठावर पोचलो तेव्हा नदीत दगड जास्त आणि पाणी कमी होतं. तू खाली उतरून एका दगडावर हात फिरवलास. कमरेपर्यंत काळा आणि गुळगुळीत, वर पांढरट, कोरडा.

"रोज हितवर येतं," तू स्वतःशीच म्हणालास. मग त्याला विचारलंस, "भाई, पानी कब आता?"

"बस, आधे घंटे में. ऊपर बिजलीघर से छोड़ते हैं."

तू हळूच माझ्याकडे वळलास. "साहेब, इथं बी पाण्याचा दिवस आसतो व्हय?"

"थोडंफार नियंत्रण सगळीकडेच असतं," मी म्हणालो.

तू हसलास. त्या हसण्यात कडूपणा नव्हता, म्हणून ते मला जास्त लागलं. मग घड्याळ काढून दगडावर बसलास. आधी डबक्यांवरच्या काड्या सरकायला लागल्या. मग दगडांच्या फटींतून पाणी पुढे आलं, फेसाची एक रेघ ढकलत. एकेक दगड लहान होत गेला आणि दिसेनासा झाला. आवाज सगळ्यात शेवटी आला. "आठरा मिनटं," तू म्हणालास. "मुकुंदवाडीची लाइन भरायला बी एवढीच लागायची." तुझा चेहरा मात्र उजळला होता. दुसऱ्याने सोडलेल्या पाण्याच्या खालच्या टोकाला तू पहिल्यांदाच उभा होतास.

होडीत तू सगळ्यात पुढे बसलास. दोन जागी लाट अंगावर आली. तेवढ्या वेळात मी होडीच्या तळाशी बसून दोरी धरली होती आणि डोळे मिटले होते; तू मागे वळून पाहिलं नाहीस म्हणून वाचलो. तू देवेंदरला "और, और" म्हणत होतास. संथ पाण्यात त्याने तुला उतरू दिलं. लाल जॅकेट घालून तू पाठीवर तरंगत होतास, पोट वर, पांढऱ्या मिश्या ओल्या. "या की साहेब," तू हाक मारलीस. मी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. गुडघे तेव्हापासून माझ्या उपयोगी पडत आले.

मग होडी काठाला लागली.

"झालं?" तू विचारलंस.

"झालं."

"हे चार नंबर?"

देवेंदर दोर गुंडाळत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये, नगरच्या अलीकडे, तू आपण होऊन बोललास. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. "साहेब, मला वाटायचं, कुठंतरी आसं पाणी आसंल, की त्याच्यासमोर आपली चावी, आपला साहेब, आपलं ऑफिस, कायच चालत नाय. चार नंबर म्हंजे तेच, आसं धरून चाललो होतो. तर ते बी टायमावर येतं अन टायमावर जातं." मग म्हणालास, "बरं झालं, बघून आलो."

मी खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर बघत राहिलो.

बुडाला असतास तर लोकांनी मला दोषी धरलं असतं. मी तुला सुखरूप परत आणलं, म्हणून सगळ्यांनी माझे आभार मानले. तुझं काय गेलं हे कुणाला दिसलं नाही. दर आठवड्याला प्रश्न घेऊन येणारा माणूस प्रश्न विचारायचा थांबला. रजिस्टर माळ्यावर गेलं. तू दुःखी वगैरे नव्हतास. तो विषय तुझ्यापुरता संपला, एवढंच. कुणी विचारलं तर सांगायचास, "चार नंबर केलं. काय नसतंय. कालव्यापेक्षा जरा जास्त." लोक हसायचे, तूही हसायचास, आणि मी चहा मागवायचो.

एकदा मी सुरुवात केली होती. तुझ्या ओट्यावर, पुन्हा एका कोरड्या वर्षी, समोर टँकरची वाट बघत ड्रम लागलेले. "उत्तम, ते कोलाडचं," एवढं म्हणालो. तू माझा हात धरलास. "साहेब, लाइनमनला सोबत घेऊन फिरायला जाणारा साहेब मी दुसरा बघितला नाय. घरी सगळ्यांना सांगतो मी." मग मी चहा मागितला.

आणि दवाखान्यात. सुजाता औषधं आणायला खाली गेली होती. तू डोळे मिटून पडला होतास, मला वाटलं झोप लागली. तू म्हणालास, "साहेब, गंगेचं बी तसंच आसंल ना?" नऊ वर्षांनी तुझा पहिला प्रश्न. खोलीत आपण दोघंच. इतकी मोकळी वाट मला कधीच मिळाली नव्हती.

"तसंच असेल," मी म्हणालो. "पाणी ते पाणी."

चार दिवसांनी तू गेलास.

आता सुजाताचं. कार्यक्रमानंतर ताटं उचलताना ती म्हणाली, "काका, सप्टेंबरात ऋषिकेशला होड्या सुरू झाल्या की मी जाणारे. वाळूजच्या कंपनीतल्या आम्ही तिघी. वरचा टप्पा, चार नंबरचा. बाबांनी साठीला आल्यावर केलं, मग आम्हाला काय." तिला पोहता येत नाही. बाबा म्हणायचे त्यात काही नसतं, एवढ्याच भरवशावर ती भरलेल्या गंगेत उतरणार होती. माझं खोटं तुझ्या तोंडून तिच्यापर्यंत खरं होऊन पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिच्याकडे गेलो.

"सुजाता, ते चार नंबर नव्हतं."

"मग किती होतं?"

"दोन. एखाद्या ठिकाणी तीन."

तिने निवडायचे तांदूळ बाजूला ठेवले. मग विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"नाही. मी त्यांना खोटं सांगितलं. मला पोहता येत नाही, मी घाबरलो होतो."

ती मला काही बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती आत गेली आणि माळ्यावरून तुझं रजिस्टर काढून आणलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तुझं अक्षर: कुंडलिका. नंबर ४, आणि पुढे कंसात, साहेब म्हणतात. महिना डिसेंबर. पाणी कोण सोडतं, बिजलीघर.

तुझी ही सवय सगळ्या ऑफिसला माहीत होती. मीटरवर स्वतः पाहिलेला दाब तू नुसता लिहायचास. ऐकलेला असेल तर कुणाकडून ते कंसात. पंपहाऊस म्हणतं. रिक्षावाला म्हणतो. आम्ही त्यावरून तुझी थट्टा करायचो.

तेव्हापासून मी त्या दोन शब्दांपाशी अडलो आहे. ती नुसती सवय होती, की तुला शंका आली होती? होडीतून उतरताना तू देवेंदरला विचारू शकला असतास, तो खरं बोलला असता. विचारलं नाहीस ते माझ्यासाठी का? दवाखान्यातला प्रश्न गंगेबद्दल होता, की मला शेवटची संधी दिली होतीस? मला खरोखर कळत नाही. तुला ओळखतो असं मी तीस वर्षं धरून चाललो होतो.

तुझ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मात्र आता मिळवलं आहे. ऋषिकेशच्या माणसाला पुन्हा फोन केला आणि या वेळी नीट ऐकलं. नंबर ना नुसत्या नदीचा, ना नुसत्या महिन्याचा. तो त्या जागेचा, त्या दिवसाच्या पाण्याचा. आणि गंमत ऐक, पाणी वाढलं की सगळंच अवघड होतं असं नाही. काही जागी दगड खोल बुडतात आणि वरून पाणी सपाट जातं. जिथे नदी अरुंद होते किंवा वळते, तिथे तेच पाणी खवळतं. पाइपाचं तोंड बारीक केलं की धार जोरात, हे तुला कुणी शिकवायला नको होतं. आणि थंडीचं वेगळं धरायचं. गार पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय लवकर ऐकेनासे होतात, म्हणून कागदावरचा तीन अंगाला चार वाटतो. मी हे सगळं एका कागदावर लिहून काढलं आणि सवयीने तुझा नंबर लावायला फोन उचलला.

सुजाताला तो कागद दिला. ती म्हणाली, "मग तुम्हीच सांगा काका, कुठला टप्पा घेऊ?" तोंडावर उत्तर आलं होतं. मी ते गिळलं. "मला माहीत आहे ते सगळं यात आहे. निवडायचं तू. आणि त्या दिवशी, त्या माणसाला, स्वतः विचार." तिने तीन-चार फोन केले. आता नोव्हेंबर ठरवला आहे, पाणी उतरल्यावर. पहिल्या दिवशी खालचा टप्पा, आणि तो झेपला तर दुसऱ्या दिवशी वरचा. झेपला की नाही हे ती तिची बघणार आहे. तोवर पोहण्याच्या क्लासला नाव घातलं आहे.

तिला सांगताना मला अर्धा तास लागला. मला माफीची गरज होती, पण ती तिच्याकडे नव्हती. ज्याच्याकडे होती तो दवाखान्याच्या पलंगावर माझ्याकडे तोंड करून पडला होता, प्रश्न विचारून, उत्तराची वाट बघत, आणि मी पाणी ते पाणी म्हणालो. म्हणायचं होतं ते हे:

उत्तम, गंगेचं पाणी तसं नाही. मी तुला नेलं ते दोन नंबरचं होतं. तू ज्याच्यासाठी रकाने आखलेस ते पाणी आहे, अजून वाहतं आहे, आणि वर धरणं असली तरी ते सगळं बंद करील अशी चावी कुणाच्या हातात नाही. तू ते पाहू शकला असतास. तुला झेपलं असतं. झेपणार नव्हतं ते मला, आणि ते कबूल करायला नको म्हणून मी तुला सांगितलं की जगात कुंडलिकेपेक्षा मोठं काही नाही. माझं चुकलं. मला माफ कर.